वाढीव मास्तरांची चार दिवसांची सहल

माझा धाकटा भाऊ शाळेचे गणवेश शिवतो. फक्त गणवेश. कुणी सूटाचं कापड घेऊन आलं, तर तो हात जोडून त्याला समोरच्या दुकानात पाठवतो. "मोठ्या माणसांचे कपडे शिवण्यात काय मजा आहे, ताई?" तो म्हणतो. "ती वाढतच नाहीत." आडवी वाढतात, असं मी दरवेळी म्हणते आणि दरवेळी तो न ऐकल्यासारखं करतो.

त्याची सगळी कारागिरी दिसत नाही अशा जागी असते. पँटच्या पायाशी आत दुमडलेलं तीन बोटं कापड, शर्टाच्या शिवणीत सोडलेला अंगठाभर पदर, स्कर्टच्या कमरेला लपवलेली चुणी. मूल वाढलं की आई घरी बसून टाके उसवते आणि तोच गणवेश आणखी वर्षभर जातो. म्हणून या भागात त्याला सगळे वाढीव मास्तर म्हणतात. त्याला हे नाव आवडतं. मीच एकटी ते त्याला चिडवायला वापरते.

कारण हा वाढीवपणा दुकानात राहत नाही, घरी येतो. त्याच्या थोरल्या मुलीची पहिली सायकल एवढी मोठी आणली होती, की तिचे पाय पेडलला टेकायला दोन वर्षं लागली. बूट नेहमी दोन नंबर मोठे, पुढे कागदाचे बोळे. आणि काहीही मागितलं की उत्तर एकच, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी तू मोठी होशील, पुढच्या वर्षी दुकान सावरेल, पुढच्या वर्षी बघू. वाईट माणूस नाही हो. मुलींवर जीव टाकतो. फक्त आज जे हातात आहे ते आजच वापरायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

मी दुकानात मागच्या खिडकीपाशी बसते. काज, बटण आणि तुरपाई माझ्याकडे. लग्न केलं नाही. का, ते विचारणारे आता दमले. भावाच्याच घरी राहते. थोरली जन्मली तेव्हापासून तिला मीच आंघोळ घातली, वेण्या घातल्या, रागावले. ती आता सतरा वर्षांची आहे. धाकटी सात. दोघींमध्ये दहा वर्षांचं अंतर. हेसुद्धा बहुतेक 'पुढच्या वर्षी'मुळेच, असं आमची भावजय हसत हसत म्हणते.

भावजय तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढते. सुईला घाबरणारी माणसं रोज समोर येतात, त्यामुळे टाळाटाळ म्हणजे काय ते तिला चेहऱ्यावरून कळतं. "जेवढं लांबवता तेवढं जास्त दुखतं," असं ती पेशंटला सांगते आणि नवऱ्यालाही.

तर एका रविवारी जेवताना तिने फोन ताटाशेजारी ठेवला आणि सांगून टाकलं. सात दिवसांची सहल. सतरा तासांचा विमानप्रवास, मध्ये एकदा विमान बदलायचं. तिकडे ते मोठं करमणुकीचं पार्क, ज्याचे व्हिडिओ धाकटी इतक्या वेळा बघते की डोंगरगाडीतली, म्हणजे त्या रोलर कोस्टरमधली, माणसं कुठल्या वळणावर ओरडतात ते तिला पाठ आहे. पैसे बाजूला ठेवलेले होते, तो प्रश्न नव्हता. प्रश्न दिवसांचा होता. गणवेशाचा हंगाम संपून खेळाच्या कपड्यांचं काम सुरू होण्याआधी दुकान बंद ठेवता येतं ते एकच आठवडा. आणि पुढच्या महिन्यात थोरली शिकायला दुसऱ्या शहरात निघणार होती.

"शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत आपल्या नावाने जागा धरून ठेवल्यात," भावजय म्हणाली. "त्याच्या आत सांगायचं."

धाकटीने घास तोंडातच ठेवला. थोरली पाण्याचा ग्लास हातात घेऊन बापाकडे बघत होती. भाऊ माझ्याकडे बघत होता. आणि मी, विचारलेलं नसताना, सुरू झाले.

मी म्हणाले, प्रवास वजा करून उरणाऱ्या चार दिवसांसाठी अर्धी पृथ्वी ओलांडायची? तिकडची सकाळ म्हणजे इथली रात्र, पोरी पेंगत फिरणार. लहान मूल सतरा तास एका खुर्चीत बसेल का? गर्दी, रांगा, पायाचे तुकडे. थोरली आता मोठी झाली, तिला त्या पाळण्यांत काय रस? पंधरा दिवस मिळतील तेव्हा जावं माणसाने, नीट. मी फार छान बोलले. भाऊ मान हलवत होता. भावजय म्हणाली, "ताई, यांना पंधरा दिवस कधी मिळणार?" त्यावर मी भात वाढायला उठले.

मंगळवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भावाने कापायच्या मोठ्या टेबलावर खाकी कागद पसरला. नमुने कापण्याआधी तो असाच पसरतो. पण या वेळी त्याने त्यावर लांबच लांब पट्टी आखली आणि तिचे सात भाग केले.

"हा आठवडा," तो म्हणाला. "आता बघू, किती हाती लागतं."

त्याची विचार करायची हीच रीत. कापड समोर आलं की आधी बघायचं, वाया किती जाणार. त्याने खडूने खुणा केल्या. जायचा प्रवास, यायचा प्रवास, विमानतळावरचं बसणं. कात्रीने तो भाग कापून खाली टाकला. मग झोप. मग तिकडे पहिल्या दिवशी डोळे मिटत असतील तो वेळ. मग रांगा. मग खाणं. एकेक चिंधी खाली पडत होती आणि मी खिडकीपाशी बसून, खरं सांगते, मनातून खूश होत होते. एकदा कात्री अडखळली तर मी दुसरी, धारदार, पुढे केली.

शेवटी त्याच्या हातात वीतभर तुकडा उरला. "अकरा तास," तो म्हणाला. "सात दिवसांतून अकरा तास."

तेवढ्यात भावजय कामावरून येऊन दारात उभी राहिली होती. दोन्ही मुली तिच्याबरोबर. तिने जमिनीवरच्या चिंध्या बघितल्या. "अकरा तास पुष्कळ झाले," ती म्हणाली. "मी दोन मिनिटांत माणसाचं रक्त काढते, ते त्याला वर्षभर आठवतं."

भाऊ हसला. तो विरघळायला लागला होता, मला दिसत होतं. मग त्याने शेवटचा मुद्दा काढला. डोंगरगाडीत बसायला निदान एकशे वीस सेंटिमीटर उंची लागते, तीही बूट काढून. धाकटीचा सगळा जीव त्या गाडीत. तिलाच खाली उभं राहावं लागलं तर इतक्या लांब जाऊन काय उपयोग?

"मोजा मला," धाकटी म्हणाली आणि चपला काढून दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. श्वास भरून, मान ताणून, जमेल तेवढी उंच.

भावाने गळ्यातली टेप काढली. ही टेप आमच्या बाबांची. पिवळी, कापडी, कडा झिजलेली, आकडे पुसट. बाबांनी तिने पंचवीस वर्षं शाळेची मुलं मोजली आणि त्यानंतर याने तीस वर्षं. त्याने ती धाकटीच्या टाचेपासून डोक्यापर्यंत धरली, वाकून बघितलं, पुन्हा धरली.

"एकशे अठरा."

त्याने टेप पुन्हा गळ्यात घातली. "वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात या वयात," तो म्हणाला, हळू, समजावत. "पुढच्या वर्षी एकशे तेवीस. तेव्हा आरामात बसशील."

धाकटी चौकटीपासून हललीच नाही. थोरली मात्र खाली वाकली, खाकी चिंध्या एकेक करून उचलल्या आणि टोपलीत टाकल्या. "ठीक आहे, बाबा," ती म्हणाली. "हिला पुढच्या वर्षी न्या." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आता मला एक गोष्ट कबूल करायची आहे. इतका वेळ मी भावाची थट्टा करत आले, पण या हकिकतीत खोटं वागलेलं माणूस तो नाही.

सहा वर्षांपूर्वी मी काजांसाठी स्टीलची पट्टी विकत घेतली. साठ सेंटिमीटरची, चांगली जड. भाऊ सांगायचा, बटणांमध्ये इतकं इतकं अंतर ठेव; मी माझ्या पट्टीने खुणा करायचे; आणि शेवटचं बटण नेहमी जरा चुकायचं. वाटलं, डोळे गेले आपले. एका दुपारी तो बाहेर गेला असताना त्याची टेप माझ्या पट्टीवर ठेवून बघितली. टेपवरचा साठचा आकडा पट्टीच्या बाहेर गेला होता. सव्वा सेंटिमीटर, किंचित कमी. जवळजवळ पन्नास वर्षं ओढून ओढून टेप ताणली गेली होती.

तरी कुणालाच कधी कळलं नाही, कारण कळणार कसं? मूलही त्याच टेपने मोजायचं आणि कापडही त्याच टेपने. चूक दोन्हीकडे सारखीच. गणवेश बरोबर बसायचे. मग मी कशाला बोलू? बाबांची टेप होती, त्याचा जीव होता तिच्यावर. मी माझ्या खुणा अंदाजाने करायला लागले आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्यात तेव्हा काही वाईट नव्हतं.

पण मंगळवारी त्याने एकशे अठरा म्हटलं आणि माझ्या डोक्यात तिथल्या तिथे हिशेब झाला. पोर एकशे वीसच्या वर होती. थोडीशीच, पण वर. मी सुईत दोरा ओवत बसले आणि तोंडातून शब्द काढला नाही.

का, ते सांगते. मला विमानाची काळजी नव्हती, रांगांची नव्हती. ही सहल म्हणजे थोरलीला निरोप द्यायची सहल आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी तोंडाने म्हणत नव्हतं इतकंच. आणि मला वाटलं, निरोप नीट दिलाच नाही, तर काहीतरी राहून गेल्यासारखं होईल, आणि राहून गेलेलं असलं की माणूस परत परत येतं. बुधवारभर मी स्वतःला हेच पटवत होते. जाणत्या वयाच्या बाईने करावा असा विचार नाही हा. पण केला.

गुरुवारी एक बाई मुलाचं जुनं माप विचारायला आल्या. भाऊ कापड आणायला गेला होता, म्हणून मी मापांची जुनी वही काढली. या वह्यांच्या शेवटच्या पानावर तो स्वतःच्या मुलींची मापं लिहितो, वाढदिवसाच्या दिवशी. बाईंचं माप सापडलं, त्या गेल्या, आणि वही मिटताना शेवटचं पान उलटलं. दहा वर्षांपूर्वीचं. त्याचं ते तिरकं अक्षर.

"लेक. सात वर्षं पूर्ण. उंची ११८. डोंगरगाडी पुढच्या वर्षी."

मी विसरूनच गेले होते. वर्गातल्या कुठल्याशा मुलीचे फोटो बघून थोरलीनेही तेव्हा महिनाभर तोच हट्ट धरला होता. मग दुसऱ्या वर्षी दुकानाची जागा बदलली, तिसऱ्या वर्षी धाकटी पोटात होती, आणि मग तिने मागणं सोडलं. तेव्हा टेप किती ताणलेली होती, कोण जाणे. कदाचित ती खरोखरच एकशे अठरा असेल. कदाचित नसेल. हे आता कधीच कळणार नाही. धाकटीच्या बाबतीत मला कळत होतं. तरी मी तेच होऊ देत होते.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडलं, भावाने टेप गळ्यात घातली, तेव्हा मी माझी पट्टी टेबलावर ठेवली.

"टेप दे जरा," मी म्हणाले.

"कशाला?"

"दे तर."

शून्यावर शून्य ठेवलं आणि टेप न ओढता अंथरली. तो वाकून बघत होता. साठच्या जागी आला तेव्हा त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग पट्टी उलटी करून बघितली, जणू पट्टीचाच खोटेपणा पकडायचा होता. मग टेप स्वतःच्या हाताने ठेवून बघितली. तीन वेळा.

"किती गणवेश झाले असतील, ताई," तो म्हणाला.

"एकही बिघडलेला नाही. कापडही हिनेच कापलंस."

तो स्टुलावर बसला. त्याचा चेहरा एवढासा झाला होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"सहा वर्षं."

"आणि मंगळवारी? मी धाकटीला मोजलं तेव्हा?"

"तेव्हाही."

माझा भाऊ माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. "का गं?" एवढंच म्हणाला.

"थोरली जाऊ नये म्हणून," मी म्हणाले. "म्हणजे, ती जाणारच आहे. मला कळतं ते. तरी."

तो उठला आणि इस्त्री झालेली कॉलर पुन्हा इस्त्री करायला लागला. बराच वेळ करत होता. मग इस्त्री बाजूला ठेवली, टेपची नीट गुंडाळी केली आणि खणात मागे सरकवली. धाकटी शाळेत निघण्याआधी दुकानात डबा घ्यायला येते. ती आली तशी तिला चौकटीला उभी केली, डोक्यावर मापांची वही आडवी धरली, खडूची रेघ मारली आणि माझ्या पट्टीने जमिनीपासून वर मोजत गेला. साठ. पुन्हा साठ. आणि वर तीन मिलिमीटर.

"परत मोजा," धाकटी म्हणाली. तिचा आता कुठल्याच मापावर विश्वास राहिला नव्हता. परत मोजलं. तीन मिलिमीटरच.

भावाने भावजयीला फोन लावला. ती कुणाच्या तरी दंडाला पट्टा बांधत असणार, कारण तिने स्पीकरवर घेतला. "त्या जागा अजून आहेत का?" याने विचारलं. "संध्याकाळी सहापर्यंत," ती म्हणाली. "नक्की करून टाक," तो म्हणाला. मग तिने पेशंटला, अगदी हळूच, मूठ उघडा म्हणून सांगितलं.

दोन दिवस भाऊ माझ्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तूही चल." मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. या वेळी ते कारण खरं होतं.

ते गेले. घरात मी एकटी सात दिवस. दुकान बंद, तरी रोज जाऊन खिडकीपाशी बसत होते, उगीचच बटणांचे डबे लावत होते. चौथ्या दिवशी धाकटीचा फोन आला, डोंगरगाडीत बसले म्हणून. सगळा वेळ डोळे घट्ट मिटून घेतले होते, असं थोरलीने मागून सांगितलं. पुन्हा बसायचं होतं, तर दुसऱ्या दिवशी गाडी दुरुस्तीला बंद. म्हणजे एकूण तीन मिनिटं. संध्याकाळची मोठी मिरवणूक धाकटीने भावजयीच्या खांद्यावर झोपून काढली. एक संपूर्ण दुपार पावसात गेली. माझे सगळे मुद्दे खरे ठरले होते, आणि मला त्याचं काडीचं सुख नव्हतं.

परत आल्यावर पहिल्या दिवशी दुकानात मी भावाला विचारलं, "मग? गेल्यासारखं झालं का?"

तो नवीन टेप माझ्या पट्टीवर ठेवून तपासत होता. हल्ली दर सोमवारी तपासतो. "पार्क ठीक होतं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "जाताना थोरली माझ्या शेजारी होती. सहा तास खांद्यावर झोपली. हात मेला होता, पण मी हललो नाही. मग उठली आणि बोलत बसली. लहानपणचं. त्या सायकलचं. सात वर्षांची असताना मी नाही म्हटलं होतं, त्याचं. तिला सगळं आठवतं, ताई. आणि ते ती हसत सांगत होती." त्याने टेप गुंडाळली. "सतरा तास ती कुठे उठून जाऊ शकत नव्हती. आणि मी दुकानात येऊ शकत नव्हतो. येतानाही तसंच."

म्हणजे जो भाग त्याने कात्रीने कापून आधी खाली टाकला होता, तोच. त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो टोपलीकडे बघत होता.

पुढच्या महिन्यात थोरली निघाली. तिला तिकडे थंडीत लागेल म्हणून भावाने कोट शिवला. मोठ्या माणसाचा पहिलाच कपडा त्याच्या हातचा. आठ दिवस लावले त्याने. "यात वाढीव काही नाही बरं का," तो सगळ्यांना सांगत होता. "आता तिचं माप ठरलं. जेवढी आहे तेवढाच कापलाय."

कोट तुरपाईला माझ्याकडे आला. मी खालची कड उलटी केली, तर आत चार बोटं कापड दुमडलेलं. लहान मुलांना तीन ठेवतो. बाह्यांच्या टोकालाही तसंच. मी मान वर करून बघितलं. तो मशीनवर खाली वाकून, फारच मन लावून, एक सरळ शिवण मारत होता.

या वेळीही मी गप्प बसले. तुरपाई करायला घेतली, आणि टाके जरा लांब घातले, उसवायला सोपे जावेत म्हणून.